आंब्यातले पाणी आणि मनगटावरचा आकडा

या वेळच्या लेखाची सुरुवात एका पेटीपासून करते. वैशाखात आमच्याकडे रुग्ण तपासणीला येतो तो रिकाम्या हाताने येत नाही. गेल्या वर्षी अण्णा आले ते दोन डझनांची पेटी घेऊन. अण्णा म्हणजे आमच्या गावचे जुने बागायतदार, वय सदुसष्ट, मधुमेहाला चौदा वर्षे झालेली. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे. मात्र नाव त्यांचे त्यांच्यापाशीच राहू द्यावे.

पेटी टेबलाखाली सरकवून त्यांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांची भाची ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ आंब्याच्या एका मोठ्या बागेत नोकरी करते. तिकडचा हंगाम आपल्या नवरात्र-दिवाळीच्या सुमारास असतो. तेव्हा तिने पाठवलेली एक चित्रफीत अण्णांनी जपून ठेवली होती. झाडावर लोंबणाऱ्या हिरव्या आंब्याला ती मुलगी हातातले एक यंत्र टेकवते, काही क्षण थांबते, आणि पडद्यावर आकडा उमटतो : १५.८. फळ तोडलेले नाही, कापलेले नाही, सालीवर साधा ओरखडा नाही.

"डॉक्टरीणबाई, आंबा न कापता आतलं पाणी कळतं," अण्णा म्हणाले. "मग मलाच रोज बोट टोचून घ्यायची शिक्षा कशाला?" असे म्हणून त्यांनी शर्टाची बाही वर केली. मनगटावर नवे कोरे घड्याळ होते. मुलाने मागवून दिलेले. मागच्या बाजूने हिरवा-तांबडा प्रकाश टाकून रक्तातली साखर सांगते, असा त्याच्या खोक्यावर दावा होता. त्या क्षणी घड्याळ ११२ दाखवत होते.

दवाखान्यात गर्दी होती. मी हसून "बघू या" म्हणाले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. ते तसे सोडून द्यायला नको होते, हे मला पंधरा दिवसांनी कळले. तो प्रसंग सांगणारच आहे. पण अण्णांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर द्यायचे, तर आधी आंब्याच्या सालीआड काय चालते ते पाहिले पाहिजे.

पिकलेल्या आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात साधारण ८० ते ८५ ग्रॅम पाणीच असते. उरलेला जो भाग, तो शुष्कांश : साखर, पिष्ट, तंतू, आम्ले वगैरे. आपण ज्याला आंब्याची गोडी म्हणतो ती या पंधरा-वीस ग्रॅमांत साठवलेली असते. झाडावरून उतरवलेला कच्चा आंबा मात्र गोड नसतो, कारण त्यातला बराचसा ऐवज अजून पिष्टाच्या रूपात असतो. आढीत आठ-दहा दिवस गेल्यावर त्या पिष्टाची साखर होते. म्हणून तोडणीच्या दिवशी गोडी मोजून काही उपयोग नाही. मोजायचे ते शुष्कांशाचे प्रमाण, म्हणजेच उलट बाजूने पाण्याचे प्रमाण. फळ उतरवले त्या दिवशी आत जेवढे पिष्ट होते, त्याहून अधिक साखर पुढे कोणतीही आढी निर्माण करू शकत नाही.

ही गोष्ट घरातल्या गृहिणीनेही ध्यानात घेण्यासारखी आहे. कोवळा आंबा उतरवून तो कॅल्शियम कार्बाइडने पिवळा करता येतो. कार्बाइडवर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, ती त्यात मिसळलेल्या विषारी अशुद्धींमुळे; पण त्याखेरीज त्यात एक साधी फसवणूकही आहे. साल रंगते, गर मऊ पडतो, आणि तोंडात घातल्यावर पाणचट लागतो. रंग आणता येतो. झाडाने न भरलेला शुष्कांश कोठून आणणार?

फळ न कापता हे ओळखण्याची विद्या आपल्या बागायतदारांकडे पूर्वापार आहे. देठाजवळचे खांदे वर आले का, देठापाशी खड्डा पडला का, सालीचा गडद हिरवा रंग फिकटला का, हे पाहून अनुभवी माणूस 'चौदा आणे तयार' असा निवाडा देतो. शंका असेल तर फळ बादलीभर पाण्यात सोडतात : भरलेले फळ तळाशी जाते, कोवळे तरंगते. यामागे चोख भौतिकशास्त्र आहे. पिष्ट भरत गेले की फळाची घनता पाण्याच्या घनतेपुढे जाते. पण पाण्याची बादली तोडलेल्या फळाची परीक्षा घेते; तरंगलेला आंबा पुन्हा देठाला लावता येत नाही.

प्रयोगशाळेतली निर्णायक पद्धत तर याहून सोपी, आणि फळाच्या दृष्टीने याहून वाईट. गराचा तुकडा कापायचा, वजन करायचे, साठ-सत्तर अंश उष्णतेच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवायचा, पुन्हा वजन करायचे. जे गेले ते पाणी, जे उरले तो शुष्कांश. उत्तर बिनचूक मिळते. फळ मात्र जाते आणि दोन दिवसही जातात. ज्या आंब्याविषयी आपल्याला खात्री झाली, तो आंबा खाण्यासाठी शिल्लक राहत नाही.

येथे प्रकाश कामाला येतो. सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पसरवले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत वर चढला. त्या अदृश्य किरणांना आपण अवरक्त म्हणतो. त्यांतले दृश्य प्रकाशाला लागून असलेले, म्हणजे साधारण ७०० ते २५०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण या कामाला येतात.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांना जोडणारे बंध एखाद्या ताणलेल्या तारेसारखे सतत कंप पावत असतात. त्यांच्या कंपनाशी जुळणारा प्रकाश आला की ते तो गिळतात. त्यांचा मूळ स्वर ३००० नॅनोमीटरच्या आसपासचा. पण तंबोऱ्याजवळ बसलेल्यांना ठाऊक असते की, खर्जाच्या तारेतून केवळ खर्ज ऐकू येत नाही. नीट लावलेल्या तंबोऱ्यात गंधार आपोआप बोलतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. पाण्याच्या बंधांचेही तसेच आहे. त्यांच्या मूळ कंपनाचे वरचे स्वर १४५० आणि ९७० नॅनोमीटरच्या जवळ उमटतात, आणि १९४० च्या आसपास दोन निरनिराळ्या कंपनांचा मिळून एक जोडस्वर असतो.

हे वरचे स्वर क्षीण असतात, आणि नेमके तेच आपल्या पथ्यावर पडते. मूळ स्वराचा प्रकाश पाणी इतक्या अधाशीपणाने पिते की तो सालीतच संपून जाईल. ९७० चा प्रकाश मात्र थोडाथोडा गिळला जातो, म्हणून तो सालीतून पार होऊन काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरभर गरात शिरतो, पेशींवर आपटत, वाटा बदलत फिरतो आणि त्यातला काही अंश पुन्हा सालीतून बाहेर येतो. अंधारात विजेरीवर तळहात धरला की बोटे तांबडी उजळतात, ते आपण सर्वांनी लहानपणी केले आहे. तोच हा प्रकार. बाहेर आलेल्या प्रकाशाची फोड करून कोणत्या तरंगलांबीचा किती ऐवज वाटेत हरवला हे यंत्र पाहते. ९७० पाशी खळगा किती खोल पडला, त्यावरून आत पाणी किती याचा अंदाज बांधते. याला वर्णपटमापन म्हणतात.

अमेरिकेत कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात कार्ल नॉरिस नावाच्या अभियंत्याने धान्यातला ओलावा मोजण्यासाठी ही पद्धत विकसित केली, तो काळ साधारण १९५० आणि १९६० च्या दशकांचा. धान्य वजनावर विकले जाते आणि ओलाव्याने त्याला बुरशी धरते, म्हणून ओलावा हा तेथे पैशाचा आणि आरोग्याचाही प्रश्न होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये पट्ट्यावरून धावणारी पीचची फळे प्रकाशाने तपासून वेगळी करू लागले. ऑस्ट्रेलियात केन्सिंग्टन प्राइड जातीच्या आंब्यासाठी तोडणीच्या वेळी साधारण १५ टक्के शुष्कांश ही किमान मर्यादा मानतात. अण्णांच्या भाचीच्या पडद्यावरचा १५.८ हा आकडा त्या संदर्भातला. म्हणजे ते फळ तोडणीला लायक झाले होते.

आता खरी गंमत. ते यंत्र पाणी मोजत नाही.

म्हणजे असे, की यंत्राला दिसतो तो केवळ परत आलेला प्रकाश. त्या प्रकाशाचा अर्थ '१५.८ टक्के' असा आहे, हे त्याला कोणीतरी शिकवावे लागते. त्यासाठी शेकडो आंबे घेतात. प्रत्येकावर एक जागा खुणेने निश्चित करून तेथे यंत्र टेकवतात आणि वर्णपट नोंदवतात. मग तीच जागा कापून, तोच तुकडा भट्टीत वाळवून खरा शुष्कांश काढतात. अशा शेकडो जोड्या संगणकापुढे ठेवल्या की तो प्रकाश आणि शुष्कांश यांच्यातले नाते गणिताने शोधून काढतो. या कामाला अंशशोधन म्हणतात. 'फळाला इजा न करणारी पद्धत' हे नाव खोटे नाही. पण तिच्या मागे कापून वाळवलेल्या फळांचा ढीग असतो. तो ढीग जेवढा प्रामाणिक आणि जेवढा विविध, तेवढाच पुढचा आकडा खरा.

म्हणूनच एका जातीवर शिकलेले यंत्र दुसऱ्या जातीला लावले तर ते बेधडक आकडा सांगते आणि चुकते. एका हंगामातले शिक्षण पुढच्या हंगामात तपासून घ्यावे लागते. इतकेच काय, फळ उन्हात तापलेले आहे की शीतगृहातून आलेले, यानेही उत्तर हलते. कारण तापमानाबरोबर पाण्याच्या रेणूंची एकमेकांशी असलेली पकड बदलते आणि ९७० चा तो खळगा किंचित सरकतो. या सर्वांची काळजी घेतली तर चांगल्या यंत्राची चूक साधारणपणे अर्धा ते एक टक्का राहते. आंबा उतरवायचा की आठवडाभर थांबायचे, एवढे ठरवायला ती पुष्कळ झाली.

जाता जाता आपल्या हापूसविषयी एक गोष्ट. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापावा आणि आत बाठ्याभोवती पांढुरका, बेचव, स्पंजासारखा भाग निघावा, याला कोकणात साका म्हणतात. बंगळूरच्या भारतीय उद्यान संशोधन संस्थेतील संशोधकांनी त्याचे एक कारण असे मांडले की, फळातली बी वेळेआधीच रुजण्याच्या तयारीला लागते आणि भोवतालच्या गरातून पाणी ओढू लागते. म्हणजे हाही शेवटी पाण्याचाच कारभार. तो प्रकाशाने बाहेरूनच ओळखता यावा यासाठीही प्रयत्न चालू आहेत, पण साका आत, बाठ्यालगत सुरू होतो, आणि सालीवर टेकवलेल्या यंत्राची नजर वरच्या सेंटिमीटरभरातच फिरते. अण्णांचे यावरचे मत असे, की साक्याने बागायतदाराची अब्रू जितकी घेतली तितकी वाऱ्यापावसानेही घेतली नसेल.

आता पंधरा दिवसांनंतरच्या त्या रात्रीकडे वळते.

साडेदहाच्या सुमारास वहिनींचा फोन आला. "यांना घाम फुटलाय, हात थरथरतायत, बोलणं तुटक होतंय. घड्याळ म्हणतं एकशे चौदा." मी विचारले, "घरी ग्लुकोमीटर आहे ना?" तर त्याच्या पट्ट्या संपलेल्या, आणि घड्याळ आल्यापासून नव्या आणल्याच नव्हत्या. वहिनी पुढे म्हणाल्या, "मी साखरेचं पाणी दिलंय. घड्याळाकडे नाही बघितलं, घामाकडे बघितलं."

मी पोहोचले तेव्हा साखरेचे पाणी देऊन पंधरा-वीस मिनिटे झाली होती. अण्णा थोडे सावरले होते. बोट टोचून पाहिले तर ६१. म्हणजे आधी ती याहूनही खाली गेली असणार. घड्याळ तेव्हाही ११४ वर शांत होते.

घडले होते ते असे. चार वाजता त्यांनी दोन आंबे खाल्ले. आंबे खाल्ले म्हणून प्रायश्चित्त घ्यावे तसे रात्री जेवले नाहीत. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेमाने घेतली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. घड्याळ सायंकाळपासून ११० ते ११८ च्या दरम्यान घोटाळत होते, म्हणून ते निर्धास्त होते. नंतर मी त्या घड्याळाची नोंद उघडून पाहिली. पंधरा दिवसांत, जेवणाआधी आणि जेवणानंतर, आंबा खाल्ल्यावर आणि उपाशीपोटी, ते १०५ च्या खाली आणि १२५ च्या वर कधी गेलेच नव्हते. मधुमेही माणसाची साखर इतकी गुणी असती तर मला दवाखाना बंद करावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. पंधरा दिवस उशिरा. ते येथे मांडते, कारण अशी घड्याळे आणि अंगठ्या आता पुष्कळ घरांत पोहोचल्या आहेत.

शंभर ग्रॅम पिकलेल्या आंब्यात साखर असते साधारण १५ ग्रॅम. शंभर मिलिलिटर रक्तात साखर असते १०० मिलिग्रॅम, म्हणजे एक दशांश ग्रॅम. दीडशे पटींचा हा फरक. आंब्यात साखर वाढते तेव्हा पाण्याचे प्रमाण टक्क्यांनी घटते, आणि ते घटलेले पाणी प्रकाशाला ठळक दिसते. आंब्याची गोडी यंत्राला दिसते ती पुष्कळ अंशी पाण्याच्या आरशात. रक्तातली साखर दुप्पट झाली तरी रक्तातले पाणी जवळजवळ तेवढेच राहते. आरसाच नाही. शिवाय आंब्याच्या बाबतीत यंत्राने अर्ध्या टक्क्याची चूक केली तर आपण शाबासकी देतो. अर्धा टक्का म्हणजे शंभरात अर्धा ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. तेवढी चूक रक्तात केली तर १०० ची साखर ६०० दिसेल. आपल्याला हवी असते ती वीस-पंचवीस मिलिग्रॅमची नेमकी खबर. त्यात मनगटाची त्वचा, तिचा रंग, चरबी, केस, घाम, पट्टा सैल की घट्ट, या प्रत्येक गोष्टीने परतणारा प्रकाश बदलतो, आणि तो बदल साखरेमुळे होणाऱ्या बदलाहून कितीतरी मोठा असतो.

मग ते ११२, ११४ कोठून आले? यंत्राच्या आत काय आहे हे मी उघडून पाहिलेले नाही. पण ज्याला खरे काही दिसत नाही त्याने सरासरीच्या आसपासचा आकडा सांगत राहावे, म्हणजे बहुतेक वेळा कोणी हरकत घेत नाही, एवढे मला अनुभवाने ठाऊक आहे. वर्गात अभ्यास न केलेली मुलेही हेच करतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना स्पष्ट इशारा दिला : त्वचेला न टोचता रक्तातली साखर मोजण्याचा दावा करणारे घड्याळ किंवा अंगठी वापरू नका, अशा एकाही उपकरणाला आम्ही मान्यता दिलेली नाही. येथे एक गल्लत होऊ देऊ नये. दंडावर चिकटवायचा जो संवेदक मिळतो, त्याचा बारीक तंतू त्वचेखाली शिरतो, तेथील द्रवातली साखर विकराच्या साहाय्याने मोजतो आणि आकडा मोबाइलवर किंवा घड्याळावर पाठवतो. तेथे घड्याळ केवळ निरोप्या असते. तो प्रकार वेगळा आणि विश्वासार्ह आहे. प्रकाशाने रक्तशर्करा मोजण्याचे संशोधन अनेक प्रयोगशाळांत चालू आहे आणि ते सफल झाले तर बोटे टोचून कंटाळलेल्या माझ्या रुग्णांइतकाच आनंद मलाही होईल.

कोणी म्हणेल, मग कोविडच्या काळात बोटाला लावलेला ऑक्सिमीटर कसा चालला? तोही प्रकाशच होता. होय, आणि तो चालला त्याची कारणे आहेत. शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ते १५ ग्रॅम असते, साखरेच्या शंभरपटीहून अधिक. त्याला स्वतःचा गडद रंग आहे आणि ऑक्सिजन मिळाला की तो रंग बदलतो. वर जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस सुचलेली एक अफलातून कल्पना : नाडीबरोबर जो प्रकाश कमीजास्त होतो तेवढाच विचारात घ्यायचा, म्हणजे त्वचा, हाड, मांस हे स्थिर घटक आपोआप वजा होतात आणि रोहिणीतले रक्त तेवढे उरते. ६६० आणि ९४० अशा दोनच तरंगलांबींवर ते यंत्र चालते.

पण त्यालाही कोणीतरी शिकवलेले असते. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्याच वेळी त्यांच्या रोहिणीतले रक्त काढून तपासून, ऑक्सिमीटरचे अंशशोधन करतात. आंब्याच्या जागी माणसे, एवढाच फरक. या स्वयंसेवकांत गोऱ्या त्वचेची माणसे जास्त असत. २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले की, रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असूनही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो, अशी चूक कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा होत होती. एका जातीच्या आंब्यावर शिकलेले यंत्र दुसऱ्या जातीला लावले की काय होते, ते वर लिहिलेच आहे. आपल्याकडे सावळ्या त्वचेचे लोक बहुसंख्य आहेत. तेव्हा आकडा ९५ असूनही माणूस धापा टाकत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर धापेवर विश्वास ठेवावा.

ग्लुकोमीटरचेही आकडे ब्रह्मवाक्य नाहीत. आंतरराष्ट्रीय निकषानुसार १०० च्या खालच्या साखरेत १५ मिलिग्रॅमपर्यंत आणि १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, आणि शंभरातली ९५ मोजमापे तरी या मर्यादेत असावी लागतात. पण ही चूक किती असू शकते हे आपल्याला आधीच माहीत असते. घड्याळाची चूक किती हे कोणीच सांगत नाही.

अण्णांसारख्या ज्यांना इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या घरच्यांनी वहिनींनी केले ते ध्यानात ठेवावे. घाम, थरथर, अचानक भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काही दिसले आणि ग्लुकोमीटर हाताशी नसेल, तर थांबू नये. माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि बरे वाटताच पोळी-भातासारखे काही खायला द्यावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो. एकदा वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून त्याच रात्री डॉक्टरांना कळवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आणि आंबा? मध्यम हापूसच्या एका फळात गर दीडशे ग्रॅमच्या आसपास निघतो. त्यातली कर्बोदके साधारण दीड फुलक्याएवढी. साखर ताब्यात असेल तर तेवढा आंबा जेवणातला फुलका कमी करून खावा. आमरसाच्या वाट्या पुरीबरोबर रिचवून वर रात्रीचे जेवण टाळणे हा हिशेब अण्णांनी करून पाहिला आहे. तो तुम्ही करू नये.

अण्णा घड्याळ अजून वापरतात, वेळ आणि पावले पाहण्यासाठी. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी देवघराच्या फडताळात असते आणि तिच्यावरची मुदतीची तारीख वहिनी दर महिन्याला वाचतात. या वर्षी हंगाम सुरू झाल्यावर एका सकाळी अण्णांचा फोन आला, आवाज घाबरा.

"डॉक्टरीणबाई, तीनशे बारा! जेवण नाही, चहा नाही, आणि तीनशे बारा!"

"अण्णा, आत्ता काय करत होतात?"

"पेट्या भरतोय. दोन फळं डागी निघाली, ती कापून बघितली."

"हात धुतलेत?"

"कापसाने स्पिरिट लावलं की."

सालीचा आणि गराचा रस बोटाला लागला असेल तर टोचलेल्या रक्तात तोच मिसळतो, आणि स्पिरिटच्या बोळ्याने तो पुरता जात नाही. मी त्यांना नळाखाली साबणाने हात धुवून, पुसून कोरडे करून, दुसरे बोट टोचायला सांगितले. फोन चालूच होता. मागे वहिनी काहीतरी पुटपुटत होत्या.

"एकशे छत्तीस," अण्णा म्हणाले.